एम्सलँडमध्ये राहायला येताय? आधी जमीन ओळखा, मग कागदपत्रं

जर्मनीत नोकरी लागली म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर म्युनिक, बर्लिन, फ्रँकफर्ट येतं. ऑफर लेटरवर मात्र लिंगेन, श्पेले, वेर्ल्टे किंवा पापेनबुर्ग असं नाव असतं आणि मग गुगल मॅप उघडून शोधाशोध सुरू होते. ही सगळी गावं एम्सलँड जिल्ह्यातली. जहाजबांधणी, शेतीची यंत्रं, वीज, पाइपलाइनची तपासणी, रुग्णालयं अशा कामांसाठी इथे माणसं हवी असतात. बेरोजगारी जर्मनीच्या सरासरीपेक्षा बरीच कमी आहे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला इथे खरोखर जागा आहे.

पण हा जिल्हा शहरासारखा आपोआप उलगडत नाही. माझं मत असं, की इथे रुळायचं असेल तर आधी इथली जमीन समजून घ्यावी. आज ज्या शेतांवरून आणि कारखान्यांवरून गाडी जाते, त्यातल्या मोठ्या भागात शंभर वर्षांपूर्वी नुसती दलदल होती. ती माणसांनी हातांनी आणि नांगरांनी बदलली. ज्यांनी हे बदलताना पाहिलं, ती पिढी अजून गावात भेटते. इथल्या लोकांचा कामसूपणा, एकमेकांना धरून राहणं, सुरुवातीचा अबोलपणा हे सगळं तिथून आलंय.

पहिलं पाऊल: नकाशावर नदी शोधा

एम्सलँड जर्मनीच्या वायव्य टोकाला, लोअर सॅक्सनी राज्यात, नेदरलँड्सच्या सीमेला लागून आहे. क्षेत्रफळ सुमारे २,८८० चौरस किलोमीटर, म्हणजे झारलँड या अख्ख्या राज्याहून मोठं. लोकसंख्या मात्र सव्वातीन लाखांच्या थोडी पुढे. जिल्ह्याच्या मधून एम्स नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि जवळपास सगळं महत्त्वाचं तिच्या काठी आहे. दक्षिणेकडून मोजत गेलात तर झाल्त्सबेर्गेन, लिंगेन, मेपेन, हारेन, लाथेन, ड्योर्पेन आणि शेवटी पापेनबुर्ग. रेल्वे, ए-३१ महामार्ग आणि १८९९ साली खुला झालेला डॉर्टमुंड-एम्स कालवा, तिघेही थोड्याफार फरकाने नदीच्याच दिशेने जातात.

नदीच्या पश्चिमेला डच सीमेपर्यंत बुर्टांग मोअर. मोअर म्हणजे शेवाळ हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजून तयार झालेल्या पीटचा जाड थर. पूर्वेला ह्युम्लिंग नावाचा वालुकामय, जंगलाचा उंचवटा. उंचवटा म्हटलं तरी जिल्ह्यातली सर्वांत उंच जागाही शंभर मीटरच्या आतच आहे. सह्याद्री बघत वाढलेल्या माणसाला पहिले काही महिने क्षितिज फार लांब वाटतं. ह्युम्लिंगमध्ये नवाश्मयुगातली, प्रचंड दगड रचून केलेली दफनस्थळं आजही जंगलात आहेत. तिकीट नाही, रांग नाही, सायकल झाडाला टेकवून जवळ जाता येतं.

हे सगळं भाड्याचं घर शोधताना कामी येतं. जिल्हा उत्तर-दक्षिण नव्वदएक किलोमीटर लांब आहे. पापेनबुर्गला नोकरी आणि लिंगेनला घर, दोन्ही ‘एम्सलँडमध्येच’ म्हणून घेतलं तर रोजचा प्रवास जीव काढेल. शक्यतो नोकरीच्या गावातच घर बघा. ते नाही जमलं तर रेल्वेच्या रुळांवरचं गाव निवडा. म्युन्स्टर ते एम्डेन ही आरई-१५ गाडी वर सांगितलेल्या गावांना थांबते आणि तिला डॉइचलँड-टिकीट, म्हणजे देशभर लोकल गाड्यांना चालणारा मासिक पास, चालतो. ह्युम्लिंगच्या बाजूला, म्हणजे झ्योगेल किंवा वेर्ल्टेला, प्रवासी रेल्वे नाही. तिथे गाडीशिवाय भागत नाही. भारतीय लायसन्स इथे स्थायिक झाल्यापासून फक्त सहा महिने चालतं. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्यांना वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्याच महिन्यात नाव घाला.

मेपेनच्या उत्तरेला घर बघत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे जर्मन सैन्याचं शस्त्रचाचणी केंद्र आहे. १८७७ मध्ये क्रुप कंपनीने तोफा उडवून बघायला ही जागा घेतली, तेव्हापासून ती त्याच कामाला आहे. चाचणीच्या दिवशी काही रस्ते बंद असतात, धडाड आवाज लांबवर येतात. घर बघायला जाल तेव्हा शेजाऱ्याला याबद्दल विचाराच, लोक खरं सांगतात.

दुसरं पाऊल: कुठलं काम कुठल्या कार्यालयात

सध्याचा जिल्हा १९७७ साली आशेनडोर्फ-ह्युम्लिंग, मेपेन आणि लिंगेन हे तीन जुने जिल्हे एकत्र करून झाला. मुख्यालय मेपेनला. गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘ईएल’. जिल्ह्याचा प्रमुख, म्हणजे लांडराट, आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा सरकारने नेमलेला नसतो, लोक त्याला मतदानाने निवडतात. खाली शहरं, मोठी गावं आणि ‘झाम्टगेमाइंड’ आहेत. झाम्टगेमाइंड म्हणजे आपल्या गट ग्रामपंचायतीसारखं: लहान गावं आपापली ओळख ठेवून एकच कार्यालय चालवतात.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. ती तुमच्या शहराच्या किंवा झाम्टगेमाइंडच्या कार्यालयात होते, जिल्ह्याच्या नाही. पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेला ‘अमुक तारखेपासून हे इथे राहतात’ असा फॉर्म लागतो. हा फॉर्म किल्ली घेतानाच मागून घ्या. बँक खातं, कराचा क्रमांक, आरोग्यविमा, सगळं या एका कागदानंतर हलतं.

व्हिसा आणि निवासपरवान्याचं काम जिल्हा पातळीवर होतं, मात्र लिंगेन शहराला कायद्यानेच जास्तीचे अधिकार आहेत. म्हणून लिंगेनमध्ये राहणाऱ्यांनी मेपेनला चक्कर मारण्याआधी आपल्या नगरपालिकेत विचारावं. अपॉइंटमेंट ईमेलने, साध्या जर्मनमध्ये मागा आणि परवाना संपायच्या कितीतरी आधी मागा. पासपोर्टच्या कामासाठी लोअर सॅक्सनीतल्या भारतीयांना हँबुर्गच्या वाणिज्य दूतावासाकडे जावं लागतं.

एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात. नेदरलँड्स इतकं जवळ आहे, की रविवारी इथली दुकानं बंद असली की लोक सहज पलीकडे जातात. पण जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली. परतताना अडवलं तर पासपोर्ट आणि निवासकार्ड जवळ हवं, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

तिसरं पाऊल: एक दिवस मोअरसाठी ठेवा

हे पाऊल कुठल्याच सरकारी पत्रकात नसतं, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं हेच.

गेस्टे गावाजवळ, ग्रोस हेसेपे इथे एम्सलँड मोअर संग्रहालय आहे. तिथे ओटोमायर कंपनीचा ‘मामुट’ नावाचा अवाढव्य नांगर ठेवलाय. त्याच्यापुढे उभं राहिलं की माणूस त्याच्या फाळापेक्षाही बुटका वाटतो. शेताच्या दोन टोकांना वाफेची इंजिनं जोडीजोडीने उभी करायची आणि मधून जाड तारेने हा नांगर ओढायचा. तो दोन मीटरहून खोल जायचा. वर पीट आणि खाली वाळू असा थर असायचा. नांगर ते दोन्ही उलटून तिरपे, एकाआड एक रचून टाकायचा. एकट्या पीटमध्ये पाणी साचतं, एकट्या वाळूत टिकत नाही. दोन्ही मिसळले की पीक उभं राहतं. जमिनीचा उभा छेद बघायला मिळाला तर काळ्या आणि पिवळ्या तिरक्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. त्या पाहिल्यावर बाहेरच्या बटाट्याच्या आणि मक्याच्या शेतांकडे नजर वेगळ्या तऱ्हेने जाते.

हे सगळं झालं ‘एम्सलँड योजने’मुळे. जर्मन संसदेने ५ मे १९५० रोजी ती मंजूर केली. युद्धानंतर पूर्वेकडून हाकलले गेलेले लाखो जर्मन लोक पश्चिमेत आले होते, त्यांना जमीन आणि काम द्यायचं होतं. शिवाय नेदरलँड्सने युद्धाची भरपाई म्हणून सीमेलगतच्या भागांवर हक्क सांगितला होता. ओसाड ठेवलेला प्रदेश कुणीतरी मागणारच, ही भीती खरी होती. मग रस्ते, पाणी, वीज, शाळा, नवी गावं असं सगळं एकत्र उभं राहिलं.

त्याआधीचे दिवस भयंकर होते. एम्सच्या काठी १६३१ मध्ये डिट्रिख फॉन फेलेन याने पापेनबुर्गची वसाहत वसवायला घेतली. कालवे खणायचे, पाणी काढायचं, पीट कापून इंधन म्हणून बोटीने विकायचं. पापेनबुर्गच्या मुख्य रस्त्याच्या मधून आजही कालवा जातो तो यामुळे. इतरत्र लोक मोअरचा वरचा थर जाळून त्या राखेत बकव्हीट पेरायचे. काही वर्षांत जमीन संपायची आणि पुन्हा उपासमार. मोअर वसवणाऱ्यांमध्ये एक म्हण चालत आलीय, तिचा अर्थ असा: पहिल्याला मरण, दुसऱ्याला वणवण, तिसऱ्याला भाकर.

बकव्हीट म्हणजे आपल्याकडे उपासाच्या पिठांमध्ये मिळणारा कुट्टू. त्याची धिरडी इथल्या उपाहारगृहांत अजूनही मिळतात. मात्र ती बहुतेक डुकराच्या चरबीच्या कापांवर भाजलेली असतात. शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच ‘ओने श्पेक’ असं सांगा.

मोअरमध्ये फिरताना आखलेली वाट सोडू नका. कोरड्या उन्हाळ्यात विडी-सिगारेट, शेगडी यातलं काहीही तिथे नको. सप्टेंबर २०१८ मध्ये मेपेनच्या चाचणी केंद्रावर रॉकेट चाचणीमुळे पीटला आग लागली आणि ती आतल्या आत आठवडेच्या आठवडे धुमसत राहिली. जिल्ह्याला आपत्ती जाहीर करावी लागली. फोनवर ‘नीना’ हे सरकारी इशाऱ्यांचं ॲप पहिल्याच दिवशी घ्या.

चौथं पाऊल: एस्टरवेगेन आणि हारेन

मोअरची दुसरी आठवण काळी आहे. ती टाळून इथे राहता येत नाही आणि टाळूही नये. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच ब्योर्गरमोअर, एस्टरवेगेन आणि नॉयझुस्ट्रुम इथे छळछावण्या उघडल्या. पुढे एम्सच्या प्रदेशात अशा एकूण १५ छावण्या झाल्या. राजकीय विरोधक, नंतर इतर कैदी, युद्धकैदी यांना मोअरमध्ये कुदळी-फावड्यांनी खणायला लावत. शांततेसाठी लिहिणारे पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की एस्टरवेगेनला कैदेत होते. त्यांना १९३५ सालचा नोबेल शांतता पुरस्कार १९३६ मध्ये जाहीर झाला, पण तो घ्यायला त्यांना जाऊ दिलं नाही. १९३८ मध्ये ते वारले. एस्टरवेगेनच्या जागी २०११ पासून स्मृतिस्थळ आहे. जुन्या इमारती जवळजवळ उरलेल्या नाहीत, छावणीची रचना जमिनीवरच्या खुणांनी दाखवलीय. निदान अर्धा दिवस हाताशी ठेवून जा. मुलं लहान असतील तर आधी त्यांच्याशी बोलून ठेवा.

हारेनची गोष्ट मात्र इथल्याही बऱ्याच जणांना नीट माहीत नसते. मे १९४५ मध्ये इथल्या जर्मन रहिवाशांना घरं रिकामी करायला लावली आणि जर्मनीत अडकलेल्या पोलिश लोकांना तिथे वसवलं. पोलिश जनरल स्टानिस्वाव माचेक यांच्या नावावरून गावाचं नाव माच्कुफ झालं. पोलिश शाळा, पोलिश नाटकं, पोलिश रस्ते. १९४८ मध्ये जर्मन रहिवासी परतले आणि नाव पुन्हा हारेन झालं. याच वर्षांत, १९४३ ते १९४८ दरम्यान, कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. घर गमावलेल्या एकाच देशाची माणसं एकाच वेळी पंचगंगेच्या आणि एम्सच्या काठी होती. हारेनला गेलात आणि कुणी पोलिश इतिहासाचा विषय काढला, तर वळिवड्याबद्दल जरूर सांगा. ऐकणारा थांबून ऐकतो.

पाचवं पाऊल: पैसा कुठून येतो

उत्तरेला पापेनबुर्गची मायर शिपयार्ड, १७९५ मध्ये लाकडी जहाजांपासून सुरू झालेली. आज समुद्रापासून इतक्या आत, छताखालच्या प्रचंड हॉलमध्ये क्रूझ जहाजं बांधली जातात. कंपनी अडचणीत आली तेव्हा २०२४ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारने मिळून तिचा सुमारे ८० टक्के हिस्सा घेतला. तीन हजारांहून अधिक थेट नोकऱ्या आणि त्यांच्यावर विसंबलेले पुरवठादार, यामुळे पापेनबुर्गमध्ये घरभाड्यापासून शाळेपर्यंत प्रत्येक गोष्टीवर शिपयार्डची सावली असते. तिथे किंवा तिच्या ठेकेदाराकडे जाणार असाल, तर करार कोणाशी आहे आणि किती काळाचा आहे हे नीट वाचून घ्या.

तयार जहाज समुद्राकडे नेण्याचा दिवस बघायलाच हवा. एम्स तशी अरुंद नदी आहे. गांडेरसुमचा बांध बंद करून पाणी अडवतात, पातळी वाढवतात आणि मग जहाज टगबोटींच्या मदतीने उलटं, म्हणजे मागचा भाग पुढे करून, हळूहळू निघतं. तसं ते जास्त ताब्यात राहतं. पापेनबुर्गच्या जलद्वारातून बाहेर पडताना दोन्ही बाजूंना इतकी थोडी जागा उरते की बघणारे बोलायचे थांबतात. मेंढ्यांच्या कुरणामागून बहुमजली जहाज सरकताना दिसतं. वेळ वाऱ्यावर आणि भरती-ओहोटीवर ठरते, ऐनवेळी बदलते, म्हणून त्याच दिवशी सकाळी पुन्हा खात्री करा. गरम कपडे आणि सायकल घ्या, गाडी लावायला जागा मिळत नाही.

दक्षिणेला लिंगेन हे ऊर्जेचं गाव. या भागात १९४० च्या दशकात तेल सापडलं. मेपेनजवळच्या र्‍यूलरमोअरमध्ये तेलाचे पंप अजून माना डोलावतात आणि लिंगेनला तेलशुद्धीकरण कारखाना आहे. झाल्त्सबेर्गेनचा कारखाना तर १८६० पासूनचा. लिंगेनचा अणुवीज प्रकल्प १५ एप्रिल २०२३ रोजी, जर्मनीतल्या शेवटच्या तीन प्रकल्पांपैकी एक म्हणून, बंद झाला. काम संपलं असं मात्र झालं नाही: पाडकाम अनेक वर्षं चालणार आहे आणि त्याच परिसरात आरडब्ल्यूई ही वीज कंपनी ३०० मेगावॅटचा हायड्रोजन प्रकल्प उभारते आहे. पाइपलाइनच्या आत यंत्र सोडून तपासणी करणारी रोझेन कंपनी लिंगेनमध्येच वाढली. इंजिनीअर मंडळींसाठी ही माहिती मोलाची आहे. ओस्नाब्र्युक विद्यापीठाच्या नव्हे, तर ओस्नाब्र्युक उपयोजित विज्ञान विद्यालयाच्या शाखेमुळे शहरात विद्यार्थीही भरपूर असतात.

श्पेलेला क्रोने कंपनी गवतकापणीची आणि मका तोडणीची यंत्रं बनवते, वेर्ल्टेला तिचे ट्रेलर. बाकी सर्वत्र शेती: बटाटा, मका, डुकरं, कोंबड्या, बायोगॅस. फेब्रुवारीपासून शेतांत पातळ शेणखत सोडतात. तो वास गावभर येतो, तक्रार करून उपयोग नसतो. कपडे त्या दिवसांत घरातच वाळत घाला.

सहावं पाऊल: माणसं

इथे सकाळ असो वा रात्र, अभिवादन एकच: ‘मोइन’. वृद्ध मंडळी आपसात प्लाटडॉइच ही उत्तर जर्मनीची जुनी बोली बोलतात. तुमचं जर्मन कच्चं आहे म्हणून ते कळत नाही असं नाही, बाहेरून आलेल्या जर्मनांनाही ते कळत नाही. लिंगेन, मेपेन आणि पापेनबुर्गला प्रौढ शिक्षणाच्या संस्था आहेत, तिथला जर्मनचा वर्ग स्वस्त असतो.

मेपेन आणि ह्युम्लिंगचा भाग शतकानुशतकं म्युन्स्टरच्या बिशपांच्या सत्तेखाली होता, म्हणून तो आजही पक्का कॅथलिक आहे. झ्योगेलचा क्लेमेन्सवेर्थ हा शिकारमहाल त्याच काळातला, १७३७ ते १७४७ दरम्यान बांधलेला. मधोमध मुख्य वास्तू आणि भोवती ताऱ्यासारखी मांडलेली आठ दालनं. तरीही १ नोव्हेंबरच्या ऑल सेंट्सला किंवा फ्रोनलाइखनामला सुट्टी मिळत नाही, कारण लोअर सॅक्सनीच्या यादीत ते सण नाहीत. शेजारच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात ती सुट्टी असते आणि तिकडचे लोक खरेदीला इकडे येतात. त्या दिवशी लिंगेनच्या बाजारात गाडी नेऊ नका.

ओळखी वाढतात त्या संस्थांमधून: नेमबाजी मंडळ, फुटबॉल क्लब, स्वयंसेवी अग्निशमन दल, चर्चचं गायनवृंद. उन्हाळ्यात गावोगावी श्युट्झेनफेस्ट असतं. लाकडी पक्षी गोळीने पाडणारा त्या वर्षीचा राजा ठरतो. शेजाऱ्याने बोलावलं तर नक्की जा, दारू घेत नसाल तर सफरचंदाचा रस मागा, कुणी आग्रह करत नाही. बोलायला विषय नसेल तर मेपेनच्या माणसाला मॅराडोनाबद्दल विचारा: बार्सिलोनाच्या जर्सीत तो पहिल्यांदा खेळला तो १९८२ मध्ये मेपेनच्या मैदानावर.

आणि ए-३१ बद्दल विचारा. या महामार्गाचा मधला तुकडा बरीच वर्षं रखडला होता. तेव्हा इथल्या कंपन्यांनी, नगरपालिकांनी आणि सीमेपलीकडच्या डच मंडळींनी स्वतः पैसे घातले. २००४ च्या डिसेंबरमध्ये, सरकारी वेळापत्रकाच्या कितीतरी आधी, रस्ता पूर्ण झाला. पन्नाशीच्या पुढचा कुणीही ही हकीकत सांगताना ‘आम्ही बांधला’ असंच म्हणतो.